बोटीसाठी छोटं स्टीम इंजिन घेताय? आधी बॉयलरचा हिशेब करा

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय त्याचं उत्तर देतोय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा की त्यांच्या सासऱ्यांनी आणि आठवीतल्या मुलाने मिळून 85 सेंटिमीटर लांब, 24 सेंटिमीटर रुंद अशी लाकडी टग बोट (बंदरात मोठी जहाजं ओढते तशी) बनवलीये, त्यात इलेक्ट्रिक मोटर न घालता खरं वाफेचं इंजिन घालायचंय, ऑनलाइन दोन सिलिंडरचं एक पितळी इंजिन बघून ठेवलंय, बॉयलर नंतर बघू असं ठरलंय, आणि मुलाची इच्छा अशी की पुढच्या वर्षी तेच इंजिन काढून लाकडी ट्रकवर बसवायचं. तर कुठलं इंजिन घ्यावं?

ताई, आधी सासऱ्यांना नमस्कार सांगा. घरात बसून हल, म्हणजे बोटीचं अंग, तयार करणारी माणसं आता फार दिसत नाहीत, आणि त्यातही टग निवडली हे फार बरं केलंत. टग पोटाला रुंद असते, तिला पळायचं नसतं, पाण्यातला पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा लागतो, आणि वाफेच्या इंजिनाला नेमकं हेच आवडतं. स्पीडबोट असती तर मी तुम्हाला नको म्हटलं असतं.

उत्तर आधी सांगून टाकतो मग कारणं. दोन सिलिंडरचं, डबल अॅक्टिंग, सिलिंडरचा व्यास 8 ते 10 मिलिमीटर, असं इंजिन घ्या. पण तुम्ही जे "बॉयलर नंतर बघू" म्हणताय ना ते अगदी उलट आहे. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला बावीस वर्षं काढली, वाफेच्या बोटी त्याच्या आधीपासून करतोय, आणि या छंदात जेवढी इंजिनं कपाटात पडून राहिलेली मी पाहिलीत ती जवळपास सगळी याच कारणाने, इंजिन सुंदर दिसलं म्हणून घेतलं आणि त्याला पुरेल एवढी वाफ देणारा बॉयलर बोटीत मावेना. इंजिन म्हणजे नुसता वाफ खाणारा माणूस आहे, स्वयंपाकघर बॉयलर आहे. घरात किती शिजतंय ते बघून पाहुणे बोलवायचे.

हिशेब कठीण नाही, तुमचा आठवीतला मुलगा करू शकेल, त्यालाच करायला लावा. समजा सिलिंडरचा व्यास 10 मिमी आणि पिस्टनची चाल 12 मिमी. एका चालीत जागा झाली साधारण 0.94 घनसेंटिमीटर. डबल अॅक्टिंग म्हणजे पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने वाफ जाते, म्हणून एका फेरीत 1.9, आणि दोन सिलिंडर म्हणून 3.8. टगचा पंखा मिनिटाला 500 फेऱ्या फिरतोय असं धरलं तर मिनिटाला 1900 घनसेंटिमीटर वाफ लागली. आता 2 किलो प्रेशरला (आपल्याकडे दुकानात सगळे किलोच म्हणतात, म्हणजे साधारण 2 बार) एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे 600 घनसेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे कागदावर मिनिटाला 3 ग्रॅमच्या थोडं वर पाणी. पण कागदावर. छोट्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती वाफेच्या मानाने थंड असतात, आत आलेली बरीचशी वाफ काम करायच्या आधीच तिथे चिकटून पाणी होते, थोडी गळतीत जाते, त्यामुळे मी सरळ दुप्पट धरतो. म्हणजे मिनिटाला 6 ग्रॅम. वीस मिनिटं बोट चालायला 120 मिली पाणी.

आता वाटेल की मग 120 मिलीचा बॉयलर पुरे. नाही पुरत. बॉयलर गळ्यापर्यंत भरता येत नाही, भरला तर उकळतं पाणी वाफेबरोबर इंजिनात जातं, आणि तळापर्यंत रिकामा करता येत नाही कारण मग तांबं कोरडं तापतं. त्यात बोटीसाठी जो सगळ्यात सोयीचा आडवा बॉयलर असतो, मधून नळी गेलेला आणि त्या नळीत गॅसची ज्योत, त्यात ती नळी कायम पाण्याखालीच राहिली पाहिजे. त्यामुळे वापरता येणारं पाणी एकूण जागेच्या एक तृतीयांशच धरा. झाला 360 ते 400 मिलीचा बॉयलर. आकारात सांगायचं तर बाहेरचा व्यास 75 मिमी, लांबी 12 सेंटिमीटर, असा काहीतरी. हा तुमच्या टगमध्ये आरामात बसतो, म्हणूनच मी 10 मिमीच्या वर जाऊ नका म्हणतोय.

तुलना म्हणून सांगतो, स्टुअर्ट कंपनीचं 10व्ही नावाचं उभं इंजिन आहे, इंग्लंडचं, पिढ्यान्‌पिढ्या लोक बनवत आलेत, पाऊण इंच व्यास आणि पाऊण इंच चाल, म्हणजे 19 मिमी. दिसायला इतकं देखणं की एकदा बघितलं की हलत नाही माणूस. पण तोच हिशेब लावा, एकाच सिलिंडरला एका फेरीत जवळजवळ 11 घनसेंटिमीटर होतात, तुमच्या दोन सिलिंडरांच्या जवळपास तिप्पट. त्याला पोसायचं तर बॉयलर, गॅसची टाकी सगळंच मोठं, बोट मीटरच्या पुढची पाहिजे. शिवाय ते कास्टिंगच्या, म्हणजे कच्च्या ओतीव भागांच्या, संचातही मिळतं, त्याला लेथ लागतो. सासऱ्यांना पुढे हौस असली तर टेबलावर ठेवायला जरूर करा, या टगला नको.

ज्योतीचाही हिशेब याच पाण्यातून निघतो. मिनिटाला 6 ग्रॅम पाण्याची वाफ करायची म्हणजे पाण्यात सुमारे 260 वॅट उष्णता जायला हवी, आणि छोट्या बॉयलरमध्ये निम्मी उष्णता धुराड्यातून निघून जाते असं धरलं तर बर्नर 500 वॅटच्या आसपासचा हवा. म्हणून मेणबत्तीवर किंवा छोट्या स्पिरिटच्या दिव्यावर हे होत नाही. जत्रेत पत्र्याची फटफट बोट मिळते ना दिव्यावर चालणारी, ती वेगळी, तिच्यात पिस्टन नसतोच, नळीतलं पाणी पुढेमागे होऊन ती ढकलली जाते. मुलाने ती पाहिली असेल तर त्याला वाटेल एवढीशी आग पुरते, त्याला हा फरक समजावून सांगा, आवडेल त्याला.

आता दोनच सिलिंडर का. एका सिलिंडरच्या इंजिनाला डेड सेंटर असतं, म्हणजे पिस्टन अगदी टोकाला असताना वाफ कितीही दाबली तरी क्रँक (पिस्टनची पुढेमागे चाल गोल करणारा दांडा) फिरत नाही, फ्लायव्हीलला, म्हणजे जड चाकाला, बोटाने ढकलावं लागतं. टेबलावर काही बिघडत नाही, हात तिथेच असतो. पाण्यात काय होतं ते सांगतो. माझी दुसरी बोट, एका सिलिंडरची, उपवन तलावावर सकाळी सहा-सव्वासहाला सोडली होती, रिमोटवर रेग्युलेटर, म्हणजे वाफेचा नळ. पंधरा-वीस मीटर गेली, समोर एक पाणकोंबडी आडवी आली म्हणून मी वाफ बंद केली. बोट थांबली. परत वाफ उघडली, काही नाही. इंजिन बरोबर टोकाला थांबलं होतं. आता बघा काय परिस्थिती, बोट मध्ये, आग चालू, वाफ कुठे वापरली जात नाहीये, काटा चढतोय, आणि दोन-तीन मिनिटांत सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, पांढरी वाफ आणि तो आवाज, सकाळी फिरायला आलेली माणसं कठड्यावर जमली. मी काठावर उभा राहून नुसता बघतोय. व्हॉल्व्ह नीट चालला म्हणून निभावलं, गॅस संपेपर्यंत तो फुसफुसत राहिला, मग वाऱ्याने बोट हळूहळू येऊरच्या बाजूच्या काठाला लागली. घरी येऊन बघितलं तर बॉयलरमध्ये दोन बोटं पाणी उरलं होतं, म्हणजे अजून थोडा गॅस असता तर नळी उघडी पडली असती. त्या दिवसापासून पाण्यावर एका सिलिंडरचं इंजिन मी रिमोटने थांबवत नाही, सुरू केलं की वाफ संपेपर्यंत चालू. तुम्हाला टग मागेपुढे न्यायचीये, मुलगा दहा वेळा थांबवणार, त्यामुळे 90 अंशांवर क्रँक असलेली दोन सिलिंडरच पाहिजेत, एक टोकाला असलं तरी दुसरं मध्ये असतं, वाफ उघडली की आपोआप फिरतं.

ऑनलाइन बघताना इथे एक फसगत होते ती लक्षात ठेवा. "दोन सिलिंडर" लिहिलेलं असतं पण ती सिंगल अॅक्टिंग असतात, म्हणजे वाफ पिस्टनच्या एकाच बाजूला, आणि दोन्ही क्रँक समोरासमोर 180 अंशांवर. अशा इंजिनाला दोन सिलिंडर असूनही डेड सेंटर असतं. फोटोत कसं ओळखायचं, तर सिलिंडरच्या पिस्टन रॉडच्या बाजूला पण झाकण आणि ग्लँड (रॉडभोवती वाफ अडवणारं बूच) आहे का बघा, रॉड उघड्या सिलिंडरमधून सरळ बाहेर येत असेल तर सिंगल अॅक्टिंग. आणि क्रँकशाफ्टच्या टोकाकडून काढलेला फोटो मागवा.

दुसरी फसगत म्हणजे व्हिडिओ. विकणारे इंजिन हवेवर चालवून दाखवतात, कॉम्प्रेसर लावून, गरगर फिरतं, हजार-दोन हजार फेऱ्या. हवेचं थंड भिंतीला लागून पाणी होत नाही, वाफेचं होतं. हवेवरचा व्हिडिओ फक्त एवढंच सांगतो की इंजिन फिरतं आणि अडकत नाही. अर्थात ते पण कळायला हवंच, हातात आल्यावर पहिली परीक्षा तीच करा, तेलाचे दोन थेंब सोडून तोंडाने फुंका, चांगलं बसलेलं छोटं इंजिन फुंकरीवर सुद्धा एक-दोन फेऱ्या घेतं. नाहीच फिरलं तर गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा जो छोटा कॉम्प्रेसर असतो त्याने अर्ध्या किलोवर फिरलं पाहिजे, त्यापेक्षा जास्त लागत असेल तर कुठेतरी घासतंय.

तिसरी, स्टर्लिंग किंवा हॉट एअर इंजिनं. शोधताना स्टीमच्या शेजारीच दिसतात, काचेची नळी, खाली दिवा, फ्लायव्हील. त्यात वाफ नसतेच, गरम-थंड हवेवर चालतात, टेबलावर फिरताना फार छान दिसतात पण त्या किमतीतली तुमच्या सात-आठ किलोच्या टगचा पंखा फिरवणार नाहीत.

ऑसिलेटिंग की स्लाइड व्हॉल्व्ह, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण घेताना समोर येणारच. ऑसिलेटिंगमध्ये सिलिंडर स्वतःच पाळण्यासारखा डुलतो, डुलताना त्याच्या अंगातलं भोक कधी वाफेच्या भोकासमोर येतं कधी बाहेर सोडायच्या, वेगळा व्हॉल्व्हच नाही, त्यामुळे भाग कमी, स्वस्त, घरी दुरुस्त होणारं. सिलिंडरला मागून स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंग ढिली तर वाफ गळते, फार घट्ट तर घासतं, आणि प्रेशर फार वाढलं की सिलिंडर बसकणीवरून उचलला जातो, म्हणून ही दोन-अडीच किलोपर्यंत वापरायची. स्लाइड व्हॉल्व्हमध्ये सिलिंडर स्थिर, वर वेगळी पेटी, तिच्यात सरकणारा व्हॉल्व्ह, तो एक्सेंट्रिकने, म्हणजे शाफ्टवर मध्यापासून सरकवलेल्या चकतीने, हलतो. जास्त टिकतं, वाफ काटकसरीने वापरतं, दिसायलाही खऱ्या जहाजासारखं, पण महाग, आणि मागे फिरवायला लिंक गिअर, म्हणजे व्हॉल्व्हची चाल उलटवणारी दांड्यांची जोडणी, लागतो. ऑसिलेटिंगला मागे फिरवायला फक्त वाफेची येणारी आणि जाणारी वाट अदलाबदल करायची, एका छोट्या फिरत्या व्हॉल्व्हने, तो सर्व्होला (रिमोटवर हलणाऱ्या छोट्या मोटरला) जोडला की पुढे, थांब, मागे तिन्ही एकाच काडीवर. पहिल्या बोटीला मी ऑसिलेटिंगच सांगेन. कोणी त्याला खेळणं म्हणाला तर ग्रेट ईस्टर्न जहाजाचं नाव सांगा, 1858 साली पाण्यात उतरलेलं, त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं, त्याची पॅडलची इंजिनं ऑसिलेटिंगच होती, सिलिंडरचा व्यास 74 इंच, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा.

नावं विचाराल तर मामोड आणि विलेस्को ही खेळण्यातली जुनी नावं, पहिली इंग्लंडची, दुसरी जर्मनीची, पण त्यांची बरीच इंजिनं टेबलावर किंवा त्यांच्याच गाड्यांवर चालवायची, कमी प्रेशरची. बोटीसाठी जपानच्या साइतोची इंजिनं नीट विचार करून केलेली, त्यांचे बॉयलरही त्यांच्याच जोडीचे. चीनमधून येणारी पितळी इंजिनं पैशात परवडतात आणि आता कामही बरं असतं, मी दोन वापरलीत. मात्र कुरिअर आणि ड्युटी धरून किंमत बघा, नाहीतर शेवटी सगळं सारखंच पडतं.

आणि शक्यतो इंजिन, बॉयलर, लुब्रिकेटर (तेलाची डबी) एकाच ठिकाणाहून घ्या. कारण आटे. इंग्लंडच्या मॉडेल फिटिंगला इंचाला 40 किंवा 32 असे बारीक आटे असतात, चिनी मालाला मेट्रिक, आणि आपल्याकडे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जे मिळतं ते बहुतेक बीएसपी, म्हणजे नळ-पाइपचे आटे. मी एकदा इंजिन एकीकडचं, बॉयलर दुसरीकडचा असं घेतलं आणि मधल्या तीन इंच नळीसाठी तुर्भ्याच्या एका टर्नरकडे चार शनिवार गेले. माणूस चांगला होता, अॅडॉप्टर करून दिले, पण असले बारीक आटे पाडायची डाय त्याच्याकडे नव्हती, लेथवर सिंगल पॉइंट टूलने काढावे लागले.

घेताना रिंगांचंही विचारा. पिस्टनवर साधी काळी नायट्रिल रबराची ओ-रिंग असेल तर ती वाफेत टिकत नाही, 2 किलोला वाफ 133 अंशांच्या आसपास असते, रबर कडक होऊन तुटतं. टेफ्लॉन किंवा सिलिकॉनची हवी, ग्लँडमध्ये ग्रॅफाइटची डोरी.

आता बॉयलर. इथे मी थोडा कडक बोलणार आहे, कारण घरात मूल आहे. बॉयलर तांब्याचाच पाहिजे, जोड चांदीच्या ब्रेझिंगचे पाहिजेत, कथलाच्या डाखाचे नकोत. नेहमीचा शिसं-कथलाचा डाख 183 अंशांना वितळायला लागतो. वाफ 133 ला आहे म्हणजे चालेल असं वाटतं, आणि पाणी आहे तोपर्यंत चालतंही. पाणी संपलं की तांबं एका मिनिटात त्याच्या पुढे जातं. माझ्याकडे आलेल्या एका तयार बॉयलरमध्ये, कुणाकडून घेतला ते सोडा, बाहेरून चकचकीत पॉलिश आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा बुश (व्हॉल्व्ह ज्यात बसतो ती कडी) साध्या डाखाने चिकटवलेला. गच्चीवर चालवत होतो, पाण्याची काच नव्हती त्याला, अंदाजावर. आधी आवाज बदलला, उकळण्याचा घरघर आवाज बंद झाला, मग बुशच्या कडेने बारीक वाफ, आणि मी गॅस बंद करेपर्यंत अख्खा बुश तिरका झाला. तेव्हा प्रेशर उतरलेलं होतं म्हणून तो उडाला नाही. नंतर खरवडून बघितलं तेव्हा आत करडा मऊ डाख, नखाने ओरखडा उठत होता. चांदीचं ब्रेझिंग पिवळसर-पांढरं आणि कडक असतं, चाकूने खरवडलं तरी दाद देत नाही, ते वितळायला 600 अंशांच्या वर जावं लागतं. घेण्याआधी विचारा, लेखी विचारा, आणि घेतल्यावर बुशच्या खालच्या कडेला खरवडून बघा.

प्रेशर छोटं वाटतं म्हणून सांगतो. 75 मिमीच्या बॉयलरला 3 किलोवर एका टोकाच्या तबकडीवर 100 किलोच्या वर जोर असतो, सिमेंटच्या दोन गोण्यांहून जास्त. आपल्या कायद्यात 25 लिटरच्या आतलं भांडं बॉयलरच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, म्हणजेच तपासणी तुम्हालाच करायचीये. ती अशी. बॉयलर पूर्ण पाण्याने भरायचा, अजिबात हवा ठेवायची नाही, सगळी तोंडं बंद, आणि थंड पाण्याने दाब द्यायचा चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट. सेफ्टी व्हॉल्व्ह 3 किलोला लावणार असाल तर 6 किलो. अर्धा तास काटा हलता कामा नये, तबकडी फुगता कामा नये, स्केल आडवी लावून बघा. पाणी दाबलं जात नाही म्हणून काही फुटलं तरी नुसतं पाणी गळतं, हवेने किंवा वाफेने ही टेस्ट कधीच करायची नाही. पंप कुठून आणायचा तर सोसायटीत नवीन पाइपलाइन टाकली की प्लंबर जो हातपंप लावून टेस्ट करतात तोच, भाड्याने देतात किंवा प्लंबरलाच बोलवा, त्याला पाच मिनिटांत समजतं. दर वर्षी परत दीडपट प्रेशरला करा, आणि तारीख बॉयलरच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा. पाण्याची काच, प्रेशरचा काटा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, यातलं एक जरी कमी असेल तरी तो बॉयलर घेऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी आग लावायच्या आधी हाताने उचलून बघायचा, हे काम मुलाकडे द्या, त्याची सवय होऊ दे.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. बोअरवेलचं किंवा टँकरचं अजिबात नको, आत पांढरा थर बसला की तो खरवडता येत नाही.

इंधनाचं माझं मत असं आहे की टेबलावर शिकताना ट्रेकिंगच्या दुकानातल्या पांढऱ्या इंधनाच्या वड्या, आणि बोटीत गॅस. स्पिरिट मला लाकडी बोटीत आवडत नाही. बोट डुलली की सांडतं, आणि उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, हात जवळ नेल्यावर कळतं. गॅसला सिरॅमिकचा बर्नर असतो, वाऱ्यात टिकतो, बंद करता येतो. पण गॅसची छोटी टाकी बॉयलरला चिकटून ठेवू नका आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात तर नकोच, नुसता ब्युटेनसुद्धा 35 अंशांना दोन किलोच्या वर जोर करतो, प्रोपेन मिसळलेला असेल तर त्याहून बराच जास्त. टाकी ज्या गॅससाठी केलीये तोच भरा. भरताना घराबाहेर, आसपास पेटलेलं काही नको, देवघरातला दिवासुद्धा नाही.

लुब्रिकेटर विसरू नका, बरेच जण विसरतात कारण फोटोत इंजिन आणि बॉयलरच दिसतो. वाफेच्या वाटेवर एक छोटी बंद डबी असते, तिच्यात घट्ट स्टीम ऑइल. थोडी वाफ डबीत शिरून पाणी होते, पाणी जड म्हणून तळाला बसतं आणि तेवढं तेल वर उचलून वाफेत ढकलतं. काही फिरणारा भागच नाही, किती सुंदर कल्पना आहे बघा. गाडीचं इंजिन ऑइल चालणार नाही, वाफेत त्याचं दूध होतं. आणि हेच तेल एक्झॉस्टमधून बाहेर येतं, ते सरळ पाण्यात सोडलं तर तलावावर रंगीत तवंग पसरतो. धुराड्याच्या बुडाशी एक सेपरेटर डबी बसवा, तेल-पाणी तिच्यात राहतं, नुसती वाफ धुराड्यातून जाते, दिसतंही छान. आपले तलाव आधीच पुरेसं सोसताहेत. घरी आल्यावर ती डबी बाटलीत रिकामी करायची.

काही विकत घेण्याआधी एक रविवार वजनाला द्या. बॉयलर, पाणी, इंजिन, गॅसची टाकी, डब्या, सर्व्हो, बॅटरी मिळून तीन किलो धरा. गच्चीवर ताडपत्रीचा छोटा हौद करा नाहीतर मोठ्या टबात बोट सोडा, आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या पाणी भरून आत आडव्या ठेवा. बॉयलर जिथे येणार तिथे तीन, बाकी मागे. पाण्याची रेघ कुठे येते, एका बाजूला बोट झुकवून सोडली तर लगेच सरळ होते का, हे बघा. सावकाश, आळसावल्यासारखी उठत असेल तर वजन वर गेलंय, बॉयलरची बैठक खाली न्यावी लागेल. बाटल्या फुकट आहेत, बॉयलर नाही.

पंखा पितळेचा, तीन किंवा चार पात्यांचा, 60-65 मिमीचा, पिच भरपूर (पाती जास्त तिरकी) असलेला. इलेक्ट्रिक बोटीचा 35 मिमीचा प्लास्टिकचा पंखा लावलात तर इंजिन नुसतं सैरावैरा पळेल आणि बोट जागेवर, वाफ मात्र दुप्पट वेगाने संपेल. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आलं पाहिजे, मध्ये युनिव्हर्सल जॉइंट टाका, पण जॉइंट आहे म्हणून तिरकं चालेल असं समजू नका. पंखा बोटाने फिरवला की इंजिनासकट लोण्यासारखा फिरला पाहिजे.

आता ट्रकचं. चिरंजीवांची कल्पना बरोबर आहे, दोन सिलिंडरचं डबल अॅक्टिंग इंजिन ट्रकलाही चालतं, उलट वाफेचं इंजिन थांबलेल्या अवस्थेतच सगळ्यात जास्त पीळ देतं, त्यामुळे क्लच लागत नाही. पण बोटीत पंखा सरळ जोडलेला असतो, ट्रकला गिअर लागतील. चाक 80 मिमीचं असेल तर त्याचा घेर 25 सेंटिमीटर. सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे घरातल्या हॉलमध्ये बघायला बरा वेग, तर चाक मिनिटाला 120 फेऱ्या. इंजिन 1200 वर ठेवलं तर दहास एक गिअर. जुन्या प्रिंटरमधले प्लास्टिकचे गिअर चालतात, फक्त बॉयलरपासून लांब. पण 1200 फेऱ्या म्हणजे टगच्या दुपटीहून जास्त वाफ, पाणी आठ-नऊ मिनिटांत संपेल आणि बर्नरही कमी पडेल, म्हणून ट्रक हलका करा आणि हॉलच्या दोन-तीन चकरांवर समाधान माना, किंवा दहास एकच गिअर ठेवून 600 फेऱ्यांवर अर्ध्या वेगाने चालवा. मी दुसरं करेन. बोटीचाच बॉयलर ट्रकवर ठेवलात तर मागची चाकं त्याच्या बरोबर खाली येऊ द्या, नाहीतर वळताना कलंडतो. आणि फरशीवर तेलाचे थेंब पडतात, आधी जुनी चादर अंथरा.

पाण्यात पहिल्यांदा सोडायला ठाण्याची तलावपाळी नको, तिथे बोटिंग आणि गर्दी असते. उपवनला किंवा नेरूळच्या ज्वेल तलावाला भल्या सकाळी जा, आधी तिथल्या वॉचमनला विचारून, आणि पहिल्या दिवशी टगला पन्नास मीटर मासे पकडायची दोरी बांधूनच सोडा. बॉयलर पाऊण भरा, गॅस त्याहून कमी भरा, म्हणजे पाणी संपायच्या आधी आग संपेल, किती गॅसला किती पाणी लागतं हे घरी टेबलावर दोनदा चालवून, उरलेलं पाणी मोजून वहीत लिहून ठेवायचं. ती वही तुमच्या मुलाच्या हातात द्या आणि तलावावर घेऊन या.

जे पितळी इंजिन बघून ठेवलंय त्याचे सिलिंडरच्या बाजूचे आणि क्रँकच्या टोकाकडचे फोटो टाका, आणि व्यास-चाल किती लिहिलीये ते सांगा, मी हिशेब करून देतो. तोपर्यंत पैसे भरू नका, सहा बाटल्यांचा रविवार आधी होऊ दे.